सर्दी-खाजेच्या गोळ्या आणि वाहन चालविताना घ्यावयाची काळजी

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी सुरू होते. पाठोपाठ साखर कारखान्यांचे गाळप, मग तूर आणि पुढे हरभरा, ज्वारी व गहू असा खळ्यावरील कामांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. या सर्व दिवसांत हवेत भूस आणि धूळ असते, रात्री थंडी असते आणि बांधावर गाजर गवत फुललेले असते. नाक गळणे, शिंकांवर शिंका येणे, डोळे चुरचुरणे, अंगावर पित्त उठून खाज सुटणे या तक्रारी घरोघरी आढळतात. अशा वेळी आपण मेडिकल दुकानातून सर्दीची किंवा खाजेची एखादी गोळी आणतो, पाण्याबरोबर घेतो आणि लगेच कामाला लागतो. हे काम पुष्कळदा ट्रॅक्टर चालविण्याचे, मोटारसायकलवरून बाजारास जाण्याचे किंवा मळणी यंत्रात पेंढ्या टाकण्याचे असते.

दारू पिऊन ट्रॅक्टरवर बसणाऱ्यास घरची माणसे अडवितात. सर्दीची गोळी घेऊन बसणाऱ्यास कोणी अडवीत नाही. प्रत्यक्षात काही गोळ्यांचा वाहन चालविण्यावर होणारा परिणाम दारूपेक्षा कमी नसतो. या गोळ्या वाईट आहेत असे मुळीच नाही. मात्र त्या घेऊन कोणते काम करू नये आणि ते काम टाळता येत नसेल तर कोणती गोळी मागावी, हे प्रत्येक वाहनचालकास माहीत असणे आवश्यक आहे.

गोळी काम कशी करते?

धूळ, परागकण किंवा गांधीलमाशीचा दंश यांसारख्या गोष्टी शरीरास मानवल्या नाहीत की शरीरातील काही पेशी हिस्टॅमिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे नाकातून पाणी येते, शिंका येतात, कातडीवर गांधी उठतात व खाज सुटते. हिस्टॅमिनचे हे काम रोखणाऱ्या औषधांना अँटिहिस्टॅमिन म्हणतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे व अ‍ॅन-मारी स्टॉब यांनी १९३७ साली अशा प्रकारचा पहिला पदार्थ शोधला. बोव्हे यांना पुढे १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण अशी की हिस्टॅमिन केवळ नाकात व कातडीत नसते, ते मेंदूतही असते. तेथे त्याचे काम अगदी वेगळे आहे. मेंदूतील हिस्टॅमिनला आपण शेतावरचा जागल्या म्हणू. तो माणसाला जागे, सावध आणि तरतरीत ठेवतो. जुन्या पिढीतील अँटिहिस्टॅमिन औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि या जागल्याचेच तोंड बांधतात. नाक कोरडे होते हे खरे, परंतु त्याच वेळी मेंदूची राखणही सुटते. नव्या पिढीतील औषधे मेंदूत फार कमी शिरतात किंवा जवळजवळ शिरतच नाहीत.

मेंदूचे छायाचित्र घेणाऱ्या विशेष तपासणीने हा फरक आता मोजताही येतो. हिस्टॅमिन ज्या जागांवर बसून काम करते त्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक जागा जुनी औषधे अडवितात. सेट्रिझिनच्या १० मिलिग्रॅमच्या एका गोळीने सुमारे आठवा भाग अडतो, तर फेक्सोफेनाडीनने जवळजवळ एकही जागा अडत नाही.

“मला तर झोप येत नाही”

शेतकरी मेळाव्यात हा विषय निघाला की एखादा चालक हमखास उठून सांगतो, “साहेब, मी कैक वर्षं ही गोळी घेतोय, मला तर झोप येत नाही.” त्याचे म्हणणे खोटे नसते. धोका नेमका येथेच आहे.

या बाबतीत अमेरिकेतील आयोवा राज्यात झालेला एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. आयोवा हा मका व सोयाबीन पिकविणारा प्रदेश. तेथे रॅगवीड नावाच्या तणाच्या परागामुळे लोकांना दरवर्षी शिंकांचा त्रास होतो. हे तण आपल्या गाजर गवताच्याच कुळातील आहे. असा त्रास असणाऱ्या ४० व्यक्तींना आयोवा विद्यापीठाच्या वाहन-सदृश यंत्रात बसवून गाडी चालविण्यास सांगण्यात आले. प्रत्येकाची चाचणी चार वेगवेगळ्या वेळी झाली. एकदा डायफेनहायड्रामिन हे जुने औषध ५० मिलिग्रॅम, एकदा फेक्सोफेनाडीन हे नवे औषध ६० मिलिग्रॅम, एकदा रक्तातील प्रमाण सुमारे ०.१ टक्का होईल इतके मद्य आणि एकदा औषध नसलेली नुसती गोळी देण्यात आली. पुढील गाडीचा वेग कमी-जास्त होईल तसा आपला वेग जुळविणे, आपल्या पट्ट्यात राहणे, अचानक आडवे आलेले वाहन पाहून ब्रेक लावणे अशा गोष्टी तपासण्यात आल्या. या प्रयोगाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले.

नव्या औषधाच्या वेळी चालविणे नुसत्या गोळीच्या वेळेसारखेच राहिले. पुढील वाहनाच्या वेगाशी जुळवून घेण्यात जुन्या औषधाची कामगिरी सर्वांत वाईट ठरली आणि एकंदर विचार करता ते मद्याहूनही अधिक घातक आढळले. येथे लक्षात घ्यावे की आपल्या कायद्यानुसार रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. प्रयोगातील मद्याचे प्रमाण याच्या तिपटीहून अधिक होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपणास किती सुस्ती वाटते असे प्रत्येकाला विचारण्यात आले होते. ज्याने “सुस्ती नाही” म्हटले त्याचे चालविणे चांगले असेलच असे आढळले नाही. म्हणजे पेंग येणे हा या औषधाच्या परिणामाचा खात्रीचा इशारा नाही. नजर रस्त्यावर असते, हात स्टिअरिंगवर असतात, डोळे उघडे असतात, पण पाहिलेली गोष्ट ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत वेळ जातो.

हा वेळ किती मोलाचा असतो ते हिशेबाने पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. ब्रेक लावण्यास अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणारे मूल किंवा दिवा नसलेली बैलगाडी यांच्यापासून वाचण्यास एवढे अंतर पुष्कळ असते. उसाने भरलेल्या दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर २५ किलोमीटरच्या वेगाने चालला तरी सेकंदाला सात मीटर जातो आणि एवढे वजन मागे असल्याने तो जागच्या जागी थांबत नाही.

रात्री घेतलेली गोळी सकाळी उतरते का?

“रात्री झोपताना घ्या, म्हणजे दिवसा त्रास नाही,” असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. सर्दीच्या बहुतेक स्वस्त गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामाइन हे औषध प्रौढ माणसाच्या रक्तातून निम्मे कमी होण्यास सुमारे २० तास लागतात. रात्री १० वाजता गोळी घेऊन पहाटे ५ वाजता दूध घेऊन डेअरीकडे निघालेल्या माणसाच्या अंगात औषधाचा मोठा भाग शिल्लक असतो. रोज रात्री गोळी घेतल्यास आदल्या दिवशीचे शिल्लक त्यात मिळत जाते. काही दिवसांनी शरीराला थोडी सवय होते व पेंग कमी वाटते, परंतु चालविण्याची क्षमताही तितकीच सुधारली असे समजू नये.

विमान चालविणाऱ्यांसाठी अमेरिकेतील नियम याबाबत कडक आहेत. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर वैमानिकाने ६० तास, म्हणजे अडीच दिवस, विमान चालवू नये असे तेथे सांगितले जाते. आपला ट्रॅक्टर म्हणजे विमान नव्हे. तरी औषध अंगात किती रेंगाळते याचा अंदाज यावरून यावा.

कोणत्या गोळ्यांत ही औषधे असतात?

झोप आणणाऱ्या जुन्या औषधांपैकी क्लोरफेनिरामाइन (काही ठिकाणी यालाच सीपीएम म्हणतात), फेनिरामाइन (‘एव्हिल’ नावाने परिचित), डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन आणि सायप्रोहेप्टाडिन ही नावे ध्यानात ठेवावीत. पंचाईत अशी की ही औषधे पुष्कळदा दुसऱ्याच नावाखाली पोटात जातात. सर्दी-तापाच्या तयार गोळीत पॅरासिटामॉल व नाक मोकळे करणारे औषध यांच्या जोडीला क्लोरफेनिरामाइन असते. खोकल्याच्या अनेक औषधांत ते किंवा डायफेनहायड्रामिन असते. गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीत प्रोमेथाझिन असू शकते. बसमधील प्रवाशाने ती घेण्यास हरकत नाही, चालकाने घेऊ नये. भूक वाढावी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत व पातळ औषधांत सायप्रोहेप्टाडिन असते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. खोकल्याचे औषध, सर्दीची गोळी आणि खाजेची गोळी अशी तिन्ही एकदम घेणारा माणूस एकाच जातीचे औषध तिप्पट घेत असण्याची शक्यता असते.

या वर्गातील अनेक औषधे आपल्याकडील औषध नियमांच्या ‘जी’ परिशिष्टात आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे, अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ती इंग्रजीत व इतक्या बारीक अक्षरांत असते की चष्मा लावूनही वाचणे कठीण. शिवाय दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा नाव आणि सूचना दोन्ही त्याच्याकडेच राहतात. म्हणून गोळी घेताना घटकद्रव्ये वाचून दाखविण्यास सांगावे आणि “मला गाडी चालवायची आहे” हे स्वतःहून बोलावे. डॉक्टरांनाही हेच सांगावे. आपण सांगितले नाही तर ते विचारतीलच असे नाही.

इंजेक्शन घेऊन मोटारसायकलवर परत येणे

अंगावर पित्त उठले किंवा मधमाश्या चावल्या की आपण दवाखान्यात जातो. तेथे फेनिरामाइनचे इंजेक्शन दिले जाते. खाज थोड्याच वेळात थांबते, बरे वाटते आणि रुग्ण त्याच मोटारसायकलवर बसून आठ-दहा किलोमीटर गावाकडे निघतो. औषधाचा जोर वाढत असतानाच तो रस्त्यावर असतो. हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. अशा वेळी गाडी चालविणारा दुसरा माणूस बरोबर न्यावा. एकटेच गेलो असल्यास गाडी तेथेच ठेवून एस.टी.ने किंवा ओळखीच्या माणसाबरोबर यावे. गाडीवर मागे बसतानाही सावध राहावे, कारण पेंगलेला माणूस मागूनही पडतो.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यानंतर श्वास कोंडणे, घसा किंवा जीभ सुजणे, चक्कर येणे असे काही झाल्यास गोळीवर विसंबून न राहता रुग्णास तातडीने दवाखान्यात न्यावे. त्यावरील उपचार वेगळा आहे.

मग घ्यावे काय?

वाहन चालविणे भाग असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नव्या पिढीतील औषध घ्यावे. फेक्सोफेनाडीन यात सर्वांत निर्धोक समजले जाते. लोराटाडीनची दिवसाला १० मिलिग्रॅमची नेहमीची मात्राही सहसा सुस्ती आणत नाही, मात्र मात्रा वाढविल्यास आणू शकते. सेट्रिझिन या दोन्हींच्या खालोखाल ठेवावे. दुकानात ते “झोप न येणारे” म्हणून दिले जाते, पण हे पूर्ण खरे नाही. प्रौढांवरील चाचण्यांत १० मिलिग्रॅम सेट्रिझिन घेणाऱ्या १०० पैकी सुमारे १४ जणांना पेंग आली, तर नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ होते. लिव्होसेट्रिझिन त्याच घराण्यातील आहे. म्हणून कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा घेताना ती घरी असताना घ्यावी व त्या दिवशी वाहन किंवा यंत्र चालवू नये.

संत्रा-मोसंबी बागायतदारांसाठी एक खास गोष्ट. फेक्सोफेनाडीन पाण्याबरोबरच घ्यावे. संत्रे, सफरचंद यांसारख्या फळांच्या रसाबरोबर घेतल्यास ते आतड्यातून नीट शोषले जात नाही व गुण कमी येतो. मग गोळी लागू पडत नाही असे वाटून माणूस जुन्या गोळीकडे वळतो.

दरवर्षी ठराविक हंगामात नाकाचा त्रास होणाऱ्यांनी नाकात मारावयाच्या औषधी फवाऱ्याविषयी डॉक्टरांना विचारावे. तो नाकापुरताच काम करतो व त्याने पेंग येत नाही. मात्र गुण येण्यास काही दिवस लागत असल्याने हंगाम सुरू होण्याच्या बेतास तो सुरू करावा लागतो. साध्या सर्दीत तर वाफारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि विश्रांती यांनीही पुष्कळ भागते.

खळ्यावर, विहिरीवर आणि फवारणीच्या वेळी

वाहनाबद्दल जे सांगितले तेच मळणी यंत्र, कडबा कुट्टी, रोटाव्हेटर व ऊस तोडणी यंत्र यांनाही लागू आहे. मळणी यंत्राच्या तोंडाशी पेंढी देताना हात किती आत गेला हे समजण्यात क्षणाचा उशीर झाला तर हात जातो. खळ्यावर धूळ सर्वांत जास्त त्याच जागी असते, म्हणून तेथे उभा असणाराच गोळी घेतो. गोळी घेतलेल्या माणसास त्या दिवशी पोती भरण्याच्या किंवा मोजदादीच्या कामावर ठेवावे. शेतीची वीज रात्रीची असली की पाणी देण्यास रात्री जावे लागते. त्या वेळी विहिरीचा काठ, ओला स्टार्टर आणि पायाखालचे जनावर या तिन्हींसाठी जागा मेंदू लागतो.

दारूबरोबर ही औषधे कधीही घेऊ नयेत. दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिळतो. झोपेच्या गोळ्या, मानसिक आजारावरील काही औषधे व कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांबाबतही तसेच. जुन्या औषधांनी घाम कमी होतो, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या उन्हात उष्माघाताचा संभव वाढतो. काही जणांना जवळचे अंधुक दिसते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या वयस्कर मंडळींनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

फवारणी करताना किंवा नंतर नाक गळू लागले, तोंडास लाळ सुटली, डोळ्यांतून पाणी आले व मळमळले तर ती सर्दी समजून गोळी घेऊ नये. ही कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणे असू शकतात. काम थांबवून, कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. स्वतः वाहन चालवू नये.

त्रासाचे मूळ कमी करणे

गोळीची गरजच कमी पडेल असे काही उपाय आपल्या हातात आहेत. मळणी यंत्र वाऱ्याची दिशा पाहून लावावे, म्हणजे भूस माणसांच्या अंगावर येणार नाही. नाकातोंडावर चांगला मुखपट्टा व डोळ्यांवर चष्मा वापरावा. काम संपताच अंघोळ करून कपडे बदलावेत, नाहीतर धूळ अंथरुणापर्यंत जाते व रात्रभर शिंका येतात.

गाजर गवत १९५० च्या दशकाच्या मध्यास पुणे परिसरात प्रथम नजरेस आले आणि तेथून ते देशभर पसरले. ते फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून व अंगभर कपडे घालून, मुळासकट उपटावे. फुललेले गवत उपटू गेल्यास पराग थेट नाकात जातो. पडीक जागेत पावसाळ्यात मेक्सिकन भुंगेरे सोडावेत. हे भुंगेरे भारतात १९८४ पासून सोडण्यात येत आहेत व ते गाजर गवताची पाने खातात. टाकळ्याचे बी फोकल्यासही गाजर गवताची वाढ दबते. ज्यांना या गवताने अंगावर चट्टे उठतात त्यांनी उपटण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

कायदा आणि चालक

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये केवळ दारूचा उल्लेख नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका औषधी द्रव्याचा अंमल असताना वाहन चालविणे हाही त्या कलमाखाली गुन्हा आहे. शारीरिक वा मानसिकदृष्ट्या अयोग्य स्थितीत वाहन चालविण्याबद्दल कलम १८६ आहे.

आता शेवटचा मुद्दा ट्रॅक्टर मालकांसाठी. ऊस वाहतुकीवरील चालकास बहुधा खेपेवर पैसे मिळतात. कारखान्याच्या आवारात रात्र-रात्र रांगेत थांबून त्याची झोप आधीच अपुरी असते. थंडीने नाक गळू लागले तर तो गोळी घेतो आणि खेप बुडेल म्हणून ते सांगत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी मालकाने स्वतः विचारावे, “काही गोळी-औषध घेतलंय का?” घेतले असल्यास दुसरा चालक पाठवावा किंवा गाडी दुसऱ्या दिवशी न्यावी, आणि खरे सांगितले म्हणून त्याची त्या दिवसाची मजुरी कापू नये. मजुरी कापली तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.